वाटणी आणि वडिलोपार्जित ऋण

वाटपाच्या दाव्यांत ज्याची वीस वर्षे गेली आहेत त्याला एक गोष्ट कोणत्याही ग्रंथाशिवाय कळते. जमीन, घर, दागिने, भांडीकुंडी यांची वाटणी अवघड असली तरी अखेर होते. कोर्टाचा कमिशनर येतो, मोजणी करतो, सरस-निरस पाहून हिस्से पाडतो आणि कुंपणे उभी राहतात. खरी अडचण येते ती मोजणीत न सापडणाऱ्या दोन गोष्टींपाशी. एक वडिलांची कीर्ती आणि दुसरी वडिलांचे कर्ज. कीर्ती प्रत्येक भावाला सबंध हवी असते. कर्ज मात्र प्रत्येकाच्या मते दुसऱ्याच्या हिश्श्याचे असते. देवघरातील मूर्तीसाठी जे भाऊ हमरीतुमरीवर येतात, तेच सावकाराचा कागद पुढे येताच ‘तो व्यवहार आमच्या जन्माआधीचा’ म्हणून हात झटकतात.

याज्ञवल्क्यस्मृतीने याचा निर्णय अगदी थोडक्यात दिला आहे. मातापित्यांच्या पश्चात मुलांनी धन आणि ऋण ही दोन्ही समान वाटून घ्यावीत, असे ती सांगते. या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळचा, म्हणजे आपल्याच बाजूचा. पित्याचे ऋण फेडण्याचे जे धार्मिक कर्तव्य आपल्या कोर्टांनी दीर्घकाळ मुलावर लादले, ते २००५ च्या दुरुस्ती कायद्याने पुढील कर्जांपुरते रद्द झाले. तथापि कायद्याने बंधन काढून घेतले म्हणून प्रश्न मिटतो असे नाही. ज्या घरात आपण वाढलो त्या घराच्या चुकांशी आपला काही संबंध उरतो की नाही, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे आणि नंतरचाही आहे.

हा प्रश्न भावांऐवजी राज्यांपुढे उभा राहिला तर काय होते, हे पाहण्यासाठी मी येथे दूरदेशीचे एक प्रकरण घेत आहे. सीमाभागातील वाचकांना राज्यांच्या वाटण्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु घरच्या दाव्यात आपण पक्षकार असतो, आणि पक्षकाराला न्याय क्वचितच स्वच्छ दिसतो. परक्या घरची वाटणी पाहताना डोळे अधिक स्थिर राहतात. ते घर म्हणजे अमेरिकेतील व्हर्जिनिया हे राज्य, आणि त्यातून १८६३ साली वेगळे निघालेले पश्चिम व्हर्जिनिया.

व्हर्जिनिया हे अमेरिकेतील इंग्रज वसाहतींचे मूळ घर. १६०७ साली जेम्सटाउन येथे इंग्रजांची तिकडील पहिली टिकाऊ वसाहत झाली ती येथेच. वॉशिंग्टन, जेफर्सन, मॅडिसन, मन्रो हे सारे येथलेच. परंतु या राज्याच्या मधून अ‍ॅलेघेनी पर्वताच्या रांगा गेल्या आहेत, आणि पाण्याने जी वाटणी आरंभापासून केली होती तीच पुढे माणसांनी केली. पूर्वेकडील नद्या अटलांटिक समुद्राला मिळतात. तेथे तंबाखूचे मोठे मळे होते आणि ते गुलामांच्या श्रमावर चालत. पलीकडील नद्या ओहायोला मिळतात. तेथे डोंगरातील लहान शेतकरी, मिठागरे, लोखंडाच्या भट्ट्या. १८६० साली सबंध व्हर्जिनियात सुमारे ४ लक्ष ९० हजार गुलाम होते. पुढे पश्चिम व्हर्जिनिया झालेल्या भागात त्यांपैकी जेमतेम १८ हजार.

डोंगरातील लोकांची तक्रार मुख्यतः दोन गोष्टींची होती: प्रतिनिधित्व आणि कर. १८२९-३० च्या घटनापरिषदेत मॅडिसन, मन्रो आणि सरन्यायाधीश मार्शल असे तीन वृद्ध महापुरुष बसले होते. तरी पश्चिमेकडच्यांना समाधान मिळाले नाही. १८५१ च्या घटनेने सर्व गोऱ्या पुरुषांना मताधिकार दिला, पण त्याच घटनेत कराचे एक कलम होते. बारा वर्षांखालील गुलामावर कर नाही आणि त्यावरील गुलाम, बाजारात त्याची किंमत काहीही असो, ३०० डॉलरचाच धरावा. इतर सर्व मालमत्तेवर मात्र खऱ्या किमतीने कर. म्हणजे डोंगरातील शेतकऱ्याच्या गाईबैलांचा पुरा हिशेब आणि मळेवाल्याच्या माणसांचा अर्धामुर्धा. ज्या पापाविषयी पुढे एवढे युद्ध झाले ते या तक्रारीत कोठेच नाही, हे लक्षात ठेवावे. डोंगरातील शेतकऱ्याचे भांडण गुलामाच्या दुःखाबद्दल नव्हते. गुलामाच्या मालकाला मिळणाऱ्या सवलतीबद्दल होते.

१७ एप्रिल १८६१ रोजी रिचमंड येथील परिषदेने ८८ विरुद्ध ५५ मतांनी संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला, आणि २३ मे रोजी मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. वायव्येकडील जिल्ह्यांनी मात्र तो मानला नाही. ओहायो नदीकाठच्या व्हीलिंग शहरी त्यांचे प्रतिनिधी जमले. जून महिन्यात त्यांनी असे जाहीर केले की, जे अधिकारी बंडात सामील झाले त्यांची पदे रिकामी झाली आहेत. म्हणून संघराज्याशी निष्ठावंत असलेले लोक व्हर्जिनियाचे सरकार पुन्हा स्थापन करीत आहेत. फ्रान्सिस पिअरपॉन्ट हे त्या सरकारचे राज्यपाल झाले. वॉशिंग्टनने हेच खरे व्हर्जिनिया सरकार म्हणून मान्य केले आणि त्याने निवडलेल्या दोघांना सीनेटमध्ये बसविले.

येथे कायद्याचा जो पेच आहे तो मला फार जुन्या ओळखीचा वाटतो. अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात असे आहे की, एखाद्या राज्याच्या हद्दीत नवे राज्य निर्माण करावयाचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती पाहिजे, आणि काँग्रेसचीही. आपल्या घटनेचा तिसरा अनुच्छेद याहून वेगळा आहे. संबंधित विधानसभेचे मत मागवावे लागते, पण संमती लागत नाही. १९५६ साली मुंबईसंबंधीचा मूळ तीन घटकांचा प्रस्ताव बदलून संसदेने द्विभाषिक राज्य केले, तेव्हा पुन्हा मत का विचारले नाही असा वाद बाबूलाल पराते खटल्यात निघाला, आणि १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने तशी गरज नाही असा निर्णय दिला. आपल्याकडे घराचा कर्ता वाटणी करू शकतो, भावांनी फक्त आपले म्हणणे मांडावयाचे. तिकडे मात्र भावाची सही पाहिजे. मग रिचमंडची सही कोण देणार?

ती सही व्हीलिंगने स्वतःच दिली. १३ मे १८६२ रोजी पिअरपॉन्टच्या ‘व्हर्जिनिया’ विधिमंडळाने व्हर्जिनियाच्या वाटणीस संमती दिली. मागणारा तोच आणि देणारा तोच! लिंकनने आपल्या मंत्रिमंडळातील सहा जणांची लेखी मते मागविली. तिघे अनुकूल, तिघे प्रतिकूल. प्रतिकूल मत देणाऱ्यांत अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड बेट्स होते, आणि त्यांचा जन्म व्हर्जिनियातलाच. लिंकनचे स्वतःचे म्हणणे थोडक्यात असे होते की, मत देण्याचा हक्क असून जे मत देत नाहीत त्यांना मोजता येत नाही, आणि बंड करणाऱ्यांनी आपल्याला विचारले नाही अशी तक्रार करू नये. घटनेच्या विरुद्ध फुटणे आणि घटनेच्या बाजूने फुटणे यांत त्याने भेद केला. युद्धकाळातील उपाय शांततेच्या काळात पायंडा होत नाही, असेही तो म्हणाला. ३१ डिसेंबर १८६२ रोजी त्याने सही केली.

प्रतिनिधिगृहातील थॅडियस स्टीव्हन्स मला या प्रसंगी अधिक प्रामाणिक वाटतो. त्याने सरळ सांगितले की, हे घटनेनुसार होत आहे असा भ्रम मी करून घेणार नाही. युद्धाच्या अधिकाराखाली मी यास मत देतो. वकिलाला कल्पित गोष्टींचे वावडे नसते. अर्धा कायदा ‘असे समजावे की’ या शब्दांवर चालतो. पण कल्पित गोष्ट खरी समजू लागणे ही दुसरी गोष्ट. पिअरपॉन्ट सरकार हे सबंध व्हर्जिनियाच्या वतीने बोलत होते असे म्हणणे सोयीचे होते. ते खरे नव्हते.

तरीही त्या लोकांनी अन्याय केला असे मला म्हणवत नाही. ज्या भावाने घराला आग लावली, त्याची सही आणल्याशिवाय दुसऱ्याने बाहेर पडू नये असे कोणती नीती सांगेल? १८६१ साली रिचमंडचे मळेवाले माणसांची मालकी टिकविण्यासाठी देश मोडायला निघाले होते, आणि त्या सोबतीतून उठून जाण्याचा अधिकार डोंगरातील शेतकऱ्याला होता. माझा आक्षेप निराळा आहे. बाहेर पडताना त्यांनी आपल्याबरोबर कोणाला ओढले, हे पाहावे.

नव्या राज्याविषयी २४ ऑक्टोबर १८६१ रोजी मतदान झाले. अनुकूल १८,४०८ आणि प्रतिकूल ७८१. आकडे प्रचंड बहुमताचे दिसतात. परंतु नव्या राज्यात जे जिल्हे घातले गेले त्यांतील जवळजवळ निम्म्यांनी पाच महिन्यांपूर्वी फुटून निघण्याच्या बाजूने कौल दिला होता. पर्वत ही चांगली सरहद्द होते, रेल्वेचा मार्ग हाती राहिला पाहिजे, अशा कारणांनी दक्षिणेकडचे आणि पूर्वेकडचे जिल्हे जोडले गेले. तेथे मतदानाच्या दिवशी अनेकांनी मतपेटी पाहिलीही नाही. ‘आमच्या संमतीवाचून आम्हांला ओढू नका’ असे रिचमंडला सांगणाऱ्यांनी शेजाऱ्याला त्याच्या संमतीवाचून ओढले. मी जेवढ्या वाटण्या पाहिल्या त्यांत हे नेहमी आढळले: हिस्सा मागणारा हिस्सा मागताना ज्या तत्त्वाचा आधार घेतो, तेच तत्त्व त्याच्याच हिश्श्यातील कुळाने उच्चारले की त्याला ऐकू येत नाही.

आणि ज्यांना कोणीच, कोणत्याच बाजूने विचारले नाही ते तर वेगळेच. लिंकनच्या सहीच्या दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, मुक्तीचा जाहीरनामा निघाला. त्यातून पश्चिम व्हर्जिनिया म्हणून ठरलेले ४८ जिल्हे वगळले होते, कारण तो जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरता होता. नव्या राज्याने काँग्रेसच्या अटीवरून हळूहळू मुक्तीचे कलम स्वीकारले. ४ जुलै १८६३ नंतर जन्मणारे मूल स्वतंत्र. त्या दिवशी दहा वर्षांखालील मुले एकवीस वर्षांची झाल्यावर. दहा ते एकवीस वर्षांची पंचविसाव्या वर्षी. एकवीस वर्षांहून मोठ्यांविषयी कलमात काहीच नव्हते. ज्या राज्याच्या मुद्रेवर ‘डोंगरी माणूस सदा स्वतंत्र’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद कोरले गेले, त्यात काही डोंगरी माणसे वयाच्या हिशेबाने गुलाम राहिली. फेब्रुवारी १८६५ मध्ये राज्याने गुलामगिरी सर्वस्वी बंद केली हे त्याच्या जमेस धरावे.

२० जून १८६३ रोजी पश्चिम व्हर्जिनिया हे संघराज्यातील पस्तिसावे राज्य झाले. युद्ध संपल्यावर व्हर्जिनियाने बर्कली आणि जेफर्सन या दोन जिल्ह्यांसाठी दावा लावला. १८७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पश्चिमेच्या बाजूने निकालात काढला, आणि त्यातच नव्या राज्याचा जन्म न बोलता मान्य झाला. सीमेचा दावा असा आठ वर्षांत संपला. कर्जाचा दावा संपायला मात्र तीन पिढ्या लागल्या.

युद्धापूर्वी व्हर्जिनियाने कालवे, रेल्वे, पर्वतातून जाणारे रस्ते यांसाठी रोखे काढून कर्ज उभारले होते. १ जानेवारी १८६१ रोजी ते सुमारे ३ कोटी ३९ लक्ष डॉलर होते. त्यातील मोठी योजना जेम्स नदीपासून पर्वत ओलांडून कनावा नदीपर्यंत जाणाऱ्या कालव्याची. कालवा १८५१ साली पर्वताच्या अलीकडे ब्यूकॅनन गावापर्यंत पोचला आणि तेथेच थांबला. पश्चिमेकडच्या माणसाला त्याचे पाणी कधी दिसले नाही.

नव्या राज्याने आपल्या १८६३ च्या घटनेत स्वतःहून लिहिले होते की, १८६१ पूर्वीच्या व्हर्जिनियाच्या कर्जाचा न्याय्य भाग आम्ही आमच्यावर घेतो. कबुली स्वच्छ होती, पण पैसे निघेनात. व्हर्जिनियाने १८७१ साली दोनतृतीयांश कर्ज आपले म्हणून मान्य केले आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यासाठी धनकोंच्या हाती पश्चिमेच्या नावाचे दाखले दिले. ही वाटणी तिने एकटीने केली. भावाला विचारले नाही. पश्चिमेचे म्हणणे, कालवा तुमचा, रस्ते तुमचे, बंड तुमचे. आमच्याकडे काय आले?

वादी तरी निष्कलंक होता काय? मुळीच नाही. व्हर्जिनियातच त्या काळी कर्जाचा फेरविचार मागणारा एक पक्ष निघाला. त्याचा पुढारी विल्यम महोन हा बंडखोर सैन्याचा माजी सेनापती. आणि त्याच्यामागे गोरे गरीब शेतकरी व नुकतेच मुक्त झालेले काळे मतदार एकत्र उभे होते. त्यांचे म्हणणे असे की, रोखेधारकांचे व्याज भागविण्यासाठी शाळा बंद पडत आहेत; युद्धाने अर्धे घर जळाले असता जळालेल्या घरावरचे कर्ज पुरे कसे मागता? १८८२ साली त्यांनी कायदा करून मुद्दलही कमी केले आणि व्याजही तीन टक्क्यांवर आणले. कायद्याच्या पुस्तकात याला कर्ज बुडविणे म्हणतात. शाळेतल्या मुलाचेही राज्यावर काही ऋण असते हे ज्यांना पटते, त्यांना हा शब्द पुरा वाटणार नाही. मला तो पुरा वाटत नाही. परंतु वकील म्हणून मी त्याजागी दुसरा शब्द सुचवू शकत नाही.

१९०६ साली व्हर्जिनियाने सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. राज्याविरुद्ध राज्याचा दावा थेट त्याच न्यायालयात जातो. आपल्या घटनेत हीच तरतूद १३१ व्या अनुच्छेदात आहे, आणि सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा याच वाटेने गेला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. १९११ साली न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला. या निकालपत्रात दोन गोष्टी आहेत, ज्यांसाठी मी ते पुन्हा पुन्हा वाचले आहे.

पहिली ही की, पैसा कोठे खर्च झाला हे पाहून कर्ज वाटावयाचे नाही, असे होम्स यांनी ठरविले. कालवा पर्वतापलीकडे पोचला नाही हे खरे; पण खर्च सबंध राज्याच्या भल्याचा विचार करून, सबंध राज्याच्या नावाने झाला होता. एकत्र घरात थोरल्याच्या शिक्षणाला काढलेले कर्ज धाकट्याला ‘मला काय मिळाले’ म्हणून टाळता येत नाही, असाच हा न्याय. आपल्या देवस्थानांतही पाळी वाटून घेतली जाते तेव्हा उत्पन्नाबरोबर दिवाबत्तीचा आणि नैवेद्याचा खर्चही पाळीमागून येतो. ‘माझ्या पाळीत उत्सव नव्हता’ ही सबब महाजन ऐकून घेत नाहीत. मग वाटणीचे माप कोणते? लोकसंख्या नव्हे, क्षेत्रफळ नव्हे. वेगळे होण्याच्या दिवशी प्रत्येकाकडे किती मालमत्ता होती ते पाहावे, म्हणजे फेडण्याची ताकद पाहावी.

दुसरी गोष्ट त्याच मापात दडलेली आहे. मालमत्ता मोजताना गुलाम मोजावयाचे काय? १८६३ साली व्हर्जिनियाच्या कायद्याने ते मालमत्ताच होते, आणि त्यांची किंमत धरली असती तर पूर्वेचे पारडे जड होऊन पश्चिमेचा हिस्सा बराच कमी झाला असता. होम्स यांनी एका वाक्यात सांगितले की, गुलाम मोजणीतून वगळावेत हे आम्हांला उघड दिसते. कारण दिले नाही. गुलाम वगळून व्हर्जिनियाची मालमत्ता ३० कोटी ८ लक्ष डॉलर आणि पश्चिमेची ९ कोटी २४ लक्ष; म्हणून पश्चिमेचा वाटा शेकडा साडेतेवीस.

या एका वाक्यावर मी बराच काळ विचार केला आहे. माणसाला मालमत्तेत मोजू नये, हे योग्यच. पण ज्या चार लक्ष नव्वद हजार माणसांच्या श्रमाने त्या घराची संपत्ती, पत आणि रोखे उभे राहिले, त्यांचे त्या घराकडे काही येणे होते की नाही, हा प्रश्न दाव्यात नव्हताच. धनको म्हणून लंडन-न्यूयॉर्कचे रोखेधारक होते. ज्यांची मजुरीच दिली गेली नव्हती ते धनको कोणत्याही यादीत नव्हते. मोजणीतून वगळल्याने त्यांची माणुसकी मान्य झाली, आणि त्याच वाक्याने त्यांचे येणेही कागदाबाहेर राहिले. न्यायालय आपल्यापुढील दाव्याबाहेर जाऊ शकत नाही. हे मी जाणतो, आणि तरी अस्वस्थ होतो. दोन्ही भाऊ एकमेकांच्या हिशेबवह्या तपासत होते. तिसऱ्याची वही कोणी घातलीच नव्हती.

पुढचा इतिहास दरखास्तीचा. मुद्दलाचा वाटा ७१ लक्ष ८२ हजार डॉलर ठरला. पुढे काही जमा वळती होऊन तो घटला, आणि १९१५ साली व्याजासह १ कोटी २३ लक्ष ९३ हजारांचा हुकूमनामा झाला. व्याज मुद्दलाच्या जवळजवळ दुप्पट! पश्चिमेने तरीही पैसे भरले नाहीत. सार्वभौम म्हणविणाऱ्या राज्यावर जप्ती कशी न्यावी? १९१८ साली सरन्यायाधीश व्हाइट यांनी सांगितले की, निकालाचा अधिकार आहे तेथे बजावणीचाही आहे. पण बेलिफ पाठविण्याऐवजी त्यांनी सवड दिली. १९१९ साली पश्चिम व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने स्वतः कायदा करून रोखे काढले, आणि अखेरचा हप्ता १९३९ साली फिटला. १८६३ च्या घटनेत दिलेला शब्द पुरा व्हायला शहात्तर वर्षे लागली. जे आजोबांनी कबूल केले ते नातवांनी फेडले, आणि त्या नातवांपैकी कोणीही रिचमंडच्या परिषदेत मत दिलेले नव्हते.

आता राजकारणाचे. आज या दोन राज्यांची मते परस्परविरुद्ध आहेत हे सर्वांस माहीत आहे. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पश्चिम व्हर्जिनियाने सुमारे सत्तर टक्के मते रिपब्लिकन उमेदवाराला दिली, आणि व्हर्जिनियाने डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला. अशा वेळी लोक सहज म्हणतात, ते तसेच. त्यांच्या रक्तातच ते आहे. रक्ताचा हा सिद्धान्त किती खोटा आहे ते पाहण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. १९९६ साली पश्चिम व्हर्जिनिया डेमोक्रॅटिक होते आणि व्हर्जिनिया रिपब्लिकन. १९५२ पासून २००४ पर्यंत व्हर्जिनियाने १९६४ चा अपवाद सोडता प्रत्येक वेळी रिपब्लिकनांनाच मत दिले होते. २००० साली पश्चिम व्हर्जिनिया फिरले, २००८ साली व्हर्जिनिया फिरले. दोघांनी जागा बदलल्या, आणि प्रत्येकजण आपण मुळापासून याच जागी होतो असे मानू लागला.

कारणे पर्वतात आहेत, पण रक्तात नाहीत. पश्चिमेकडे कोळसा निघाला. कोळशाबरोबर कामगार संघटना आल्या. १९२१ साली ब्लेअर डोंगरावर खाणकामगार बंदुका घेऊन उभे राहिले. १९५० च्या सुमारास तेथे एक लक्षाहून अधिक खाणकामगार होते. २०२० च्या आसपास पंधरा हजारही उरले नाहीत. त्या सत्तर वर्षांत राज्याची लोकसंख्या २० लक्षांवरून १८ लक्षांवर आली, आणि व्हर्जिनियाची ३३ लक्षांवरून ८६ लक्षांवर गेली. वॉशिंग्टनच्या बाजूची उपनगरे वाढली, दूरदूरचे लोक तेथे येऊन राहिले. २०१९ साली व्हर्जिनियाच्या सीनेटवर निवडून आलेल्या गझाला हाश्मी यांचा जन्म आपल्या हैदराबादचा. ज्याची खाण बंद पडली आणि ज्याच्या दाराशी कचेरी उघडली, त्या दोघांची मते एक राहतील अशी अपेक्षाच चुकीची. तरी २०२१ साली व्हर्जिनियाने रिपब्लिकन राज्यपाल निवडला, हेही खरे आहे.

आणि पुण्याचा वाटाही कोणा एकाकडे नाही. फाशीची शिक्षा पश्चिम व्हर्जिनियाने १९६५ साली रद्द केली. व्हर्जिनियाने २०२१ साली. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्यावे लागू नये म्हणून व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. आणि त्याच व्हर्जिनियाने १९८९ साली डग्लस वाइल्डर यांना निवडून देशातील पहिला लोकनियुक्त काळा राज्यपाल दिला. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला बंदी घालणारा कायदा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो व्हर्जिनियाच्या नावाने गाजला. पण तसाच कायदा पश्चिम व्हर्जिनियाच्या पुस्तकातही त्या दिवसापर्यंत होता. वेगळे निघताना तो भांड्याकुंड्यांबरोबर नेलेला होता.

जानेवारी २०२० मध्ये पश्चिम व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने व्हर्जिनियातील फ्रेडरिक जिल्ह्याला आमच्यात या असे निमंत्रण दिले. तेथल्या राज्यपालांनी तर असंतुष्ट असलेल्या सर्वच जिल्ह्यांना बोलावले. कोणीही गेले नाही. निमित्त रिचमंडमधील सत्तांतराचे आणि बंदुकांच्या कायद्यांचे होते. निवडणूक हरल्यावर घर बदलावे, असा हा विचार. १८६१ सालच्या लोकांपुढे देश मोडण्याचा प्रश्न होता. येथे पुढील निवडणुकीपर्यंत थांबण्याचा होता. दोन्ही प्रसंगी एकच शब्द वापरला गेला म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

त्याच वर्षी, १ जुलै २०२० रोजी, रिचमंड येथील स्टोनवॉल जॅक्सन या बंडखोर सेनापतीचा पुतळा उतरविण्यात आला. जे शहर त्या बंडाची राजधानी होते त्याने तो उतरविला. पश्चिम व्हर्जिनियाची राजधानी चार्लस्टन येथे, राज्याच्या सभागृहाच्या आवारात, त्याच जॅक्सनचा १९१० साली बसविलेला पुतळा आहे. बंडाला नकार देऊन जे राज्य जन्मले, त्याच्या अंगणातला पुतळा त्या वर्षीच्या गदारोळातही जागेवर राहिला. त्याचे समर्थन करणारे म्हणाले, तो आमच्याच गावचा मुलगा. ते खोटे नाही. जॅक्सनचा जन्म १८२४ साली क्लार्क्सबर्ग येथे झाला, आणि ते गाव आता पश्चिम व्हर्जिनियात आहे. १० मे १८६३ रोजी तो मेला. त्यानंतर एक्केचाळीस दिवसांनी नवे राज्य झाले. आपले जन्मगाव दुसऱ्या राज्यात गेल्याचे त्याला कळलेच नाही. त्याची समाधी व्हर्जिनियात लेक्सिंग्टन येथे आहे. त्याच्या आईची पश्चिम व्हर्जिनियात अ‍ॅन्स्टेड येथे.

त्याला लॉरा नावाची धाकटी बहीण होती. भावंडांचा एकमेकांवर फार जीव. युद्धापूर्वी त्याने तिला लिहिलेली पुष्कळ पत्रे उपलब्ध आहेत. युद्ध सुरू झाल्यावर ती संघराज्याच्या बाजूची झाली, बेव्हर्ली गावी तिने संघराज्याच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, आणि पत्रे थांबली. भावामागे ती अठ्ठेचाळीस वर्षे जगली. होम्स यांनी कर्जाचा निकाल दिला त्याच वर्षी, १९११ साली, ती वारली.